पार्कसाठी कर्ज काढायचं का? गावात बाँडचं मतदान येतंय

ईस्टबेकर | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, इथले बरेच जण गेल्या काही वर्षांत घरवाले आणि मतदार असे दोन्ही झालेत, म्हणून हा धागा.

आमच्या गावात (कॅलिफोर्नियातला ईस्ट बे, ओकलंडच्या खालच्या अंगाला, नाव मुद्दाम देत नाही) पुढच्या निवडणुकीत पार्कांसाठी बाँड आणायचं घाटतंय. म्हणजे सिटी रोखे विकून एकरकमी पैसा उभा करणार, त्यातून पार्कं सुधारणार, आणि ते कर्ज आपण घरवाले प्रॉपर्टी टॅक्समधून पंचवीस-तीस वर्षं फेडत बसणार. कौन्सिलचा ठराव अजून व्हायचाय. सध्या "तुम्हाला काय हवं ते सांगा" हा अंक चालू आहे.

त्यातला एक प्रवेश आज सकाळी पाहून आलो. लायब्ररीच्या मागची खोली, भिंतीला टेकवलेले पांढरे बोर्ड. प्रत्येकावर चित्र: पिकलबॉल (टेनिससारखा, पण छोट्या कोर्टावरचा खेळ) कोर्ट, घसरगुंडी, सावलीचं छप्पर, संडास, कुत्र्यांचं कुंपण. दारात प्रत्येकाला पाच हिरवे ठिपके मिळाले, अगदी टिकल्यांच्या पाकिटासारख्या कागदावर. जे हवं त्याला टिकली लावायची. पिकलबॉलवाले पंधराएक जण एकसारखे टी-शर्ट घालून हजर होते. दहा मिनिटांत त्यांचा बोर्ड हिरवागार. क्रिकेटचं चित्रच नव्हतं. सल्लागार कंपनीच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, 'इतर'मध्ये लिहा. लिहिलं. निघताना 'इतर'वर तीन ठिपके होते. दोन माझे, एक एका पंजाबी काकांचा, आणि त्यांना व्हॉलीबॉल हवं होतं.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रिकेटच्या मैदानावरून वर्षभर गळे काढणारे साठ जण आहेत. आज तिथे मी एकटा!

तर प्रश्न असा की असल्या बाँडला मत द्यावं का? आणि देण्याआधी काय विचारावं? हिशेबातलं कळणाऱ्यांनी जरा उजेड पाडा.

फाटकीछत्री | शनिवार, रात्री ११.१५

सरळ 'नो'वर खूण करायची आणि झोपायचं. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल उघडून बघा एकदा. शाळेचा बाँड, कॉलेजचा बाँड, डासांचा कर, लायब्ररीचा कर. खालच्या बारीक अक्षरांतल्या ओळी मोजता मोजता चहा गार होतो. त्यात आणखी एक ओळ, आणि ती कशासाठी, तर पिकलबॉलसाठी. ज्या खेळाचा आवाज अर्ध्या मैलावर ऐकू येतो!

तिन्हीसांज | रविवार, सकाळी ७.०५

वाचतेय. चांगला विषय.

कडबोळं | रविवार, सकाळी ९.३०

छत्री, 'नाही' जरूर म्हणा, पण कागद वाचून म्हणा. मी एका सिटीच्या हिशेब खात्यात आहे (ईस्टबेकरांच्या नव्हे), त्यामुळे रोजचं दळण हेच.

कॅलिफोर्नियात गावाने असा बाँड आणला तर साध्या बहुमताने भागत नाही. दोन तृतीयांश मतं लागतात. ही अट १८७९ च्या राज्यघटनेपासूनची. १९७८ ला प्रपोझिशन १३ ने (प्रपोझिशन म्हणजे राज्यभर मतदानाला येणारा प्रस्ताव) घरावरचा कर किमतीच्या एक टक्क्याला बांधून टाकला आणि गावांना असे बाँड काढायची सोयच उरली नाही. १९८६ च्या प्रपोझिशन ४६ ने ती परत दिली, दोन तृतीयांशाच्या अटीसकट. शाळांना २००० पासून ५५ टक्के पुरतात. घरबांधणी आणि सार्वजनिक कामांच्या बाँडलाही ५५ करू या म्हणून २०२४ ला प्रपोझिशन ५ आलं होतं, ते लोकांनी पाडलं. गंमत बघा, त्याच मतपत्रिकेवर राज्याचा १० बिलियनचा हवामान-बाँड, प्रपोझिशन ४, आरामात पास झाला. राज्याच्या बाँडला साधं बहुमत चालतं.

ईस्टबेकर, तुमच्यासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट, म्हणजे इथली पार्कं सांभाळणारी सरकारी संस्था, जन्मलीच मतदानातून, १९३४ साली. ऐन महामंदीत, खिशात दमडी नसताना, शंभर डॉलर किमतीमागे पाच सेंटचा कर लोकांनी स्वतःवर लावून घेतला. अडीचास एक मतांनी. पाणीपुरवठा संस्थेकडे टेकड्यांवरची हजारो एकर जमीन वापरावाचून उरली होती, ती प्लॉट पाडून विकली जाऊ नये एवढीच लोकांची इच्छा. टिल्डन पार्क त्यातलंच. पुढे १९८८ ला मेझर एए (मेझर म्हणजे स्थानिक मतदानाचा प्रस्ताव), २२५ मिलियनचा बाँड. आणि २००८ ला मेझर डब्ल्यूडब्ल्यू, ५०० मिलियन. लीमन ब्रदर्स बँक बुडून सात आठवडे झाले होते, लोकांची निवृत्तीची पुंजी निम्मी होत होती, आणि तरी सत्तर टक्क्यांच्या वर मतं पडली.

कशी पडली, तर दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे करदर वाढवला नाही. एएचाच दर पुढे चालू ठेवला: एक लाख डॉलर करपात्र किमतीमागे वर्षाला जास्तीत जास्त १० डॉलर. दुसरं, ५०० पैकी १२५ मिलियन थेट गावांच्या पार्कांसाठी ठेवले, लोकसंख्येच्या प्रमाणात. डोंगरावर कधीही न जाणाऱ्या मतदारालाही आपल्या गल्लीतलं काहीतरी दिसत होतं.

आता जे चित्राच्या बोर्डावर लिहिलेलं नसतं ते. अशा बाँडचा पैसा जमीन घ्यायला आणि बांधकाम-सुधारणेलाच चालतो. माळ्याचा पगार, गवत कापणं, संडास धुणं, गळक्या नळाचा वायसर बदलणं यातलं काही त्यात बसत नाही. ते सिटीच्या रोजच्या खर्चातून, आणि तिथे पोलीस आणि अग्निशमन दल आधी जेवतात. पार्कवाल्यांच्या ताटात उरलंसुरलं.

आणि व्याज. चार टक्के, तीस वर्षं, समान हप्ते धरले तर १०० डॉलरचे १७३ फेडावे लागतात. वीस वर्षांत फेडले तर १४७. रोख्यांच्या व्याजावर गुंतवणूकदाराला फेडरल आयकर नसतो, म्हणून दर कमी मिळतो हे खरं, पण फुकट काही नाही. शिवाय घसरगुंडी पंधरा-वीस वर्षांत मोडीत निघते. तीस वर्षांच्या कर्जावर घेतलेली असेल तर ती भंगारात गेल्यावरही दहा वर्षं आपण तिचा हप्ता भरतोय.

ईस्टबेकर | रविवार, सकाळी १०.१०

कडबोळं ताई, दंडवत.

तुमचा १० डॉलरचा दर धरून माझ्या बिलावर हिशेब केला. आम्ही घर २०२१ ला घेतलं, करपात्र किंमत दीड मिलियनच्या घरात. म्हणजे वर्षाला १५० डॉलर. शेजारचे आजोबा १९८४ पासून राहतात. प्रपोझिशन १३ मुळे त्यांची करपात्र किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढतच नाही, आज तीन लाखसुद्धा नसेल. त्यांना पडणार ३० डॉलर. घराचा नकाशा तोच, अंगण त्यांचं मोठं. पार्कही तेच. तर मी पाचपट का भरू?

(आजोबा मला लिंबं देतात, त्यामुळे हे त्यांना सांगू नका.)

फाटकीछत्री | रविवार, सकाळी १०.२०

बघा, आता कसं! +१ म्हणा आणि 'नो'वर खूण करा.

लोनस्टार_लोणचं | रविवार, दुपारी १२.४५

डॅलसहून. आमच्याकडे घरावरचा आयकर नाही म्हणून... चुकलं, राज्याचा आयकरच नाही, म्हणून सगळा भार घरावर. पण किंमत दरवर्षी नव्याने लावतात, त्यामुळे जुना-नवा हा भेद तुमच्याएवढा टोकाचा नाही. पासष्टीच्या पुढच्यांना सवलती आहेत, त्या असोत.

४ मे २०२४ ला डॅलस शहराचा १.२५ बिलियनचा बाँड मतदानाला होता. दहा वेगवेगळी प्रपोझिशन. रस्त्यांचं ए, पार्कांचं बी. बी एकटं ३४५ मिलियनचं. पार्कवाल्यांनी आपला वाटा वाढवून घ्यायला आधी वर्षभर कौन्सिलसमोर रेटा लावला होता, आणि रस्तेवाले चिडले होते. दहाही पास झाली. टेक्ससमध्ये साधं बहुमत पुरतं, आणि त्यात मे महिन्यातली निवडणूक. मी मत द्यायला गेलो तेव्हा आत चार कर्मचारी होते आणि मी. एकाने मला पेन दिलं, दुसऱ्याने स्टिकर, तिसरा दार धरून उभा. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

आमच्याकडे शाळांच्या बाँडच्या मतपत्रिकेवर 'ही मालमत्ता करातली वाढ आहे' असं ठळक छापायचा कायदा २०१९ पासून आहे, मग दर वाढो न वाढो. त्या कायद्यात शहराच्या बाँडला ती सक्ती नव्हती. त्या एका ओळीने शाळांचे बाँड पडायला लागले असं आमच्या शाळा बोर्डावरचे लोक म्हणतात.

पावसाळी_बूट | रविवार, दुपारी २.३०

सिएटलकडचं सांगतो, कारण दोन तृतीयांश आणि साठ टक्के या अटींनी काय होतं त्याचा नमुना आमच्याकडे आहे.

१३ फेब्रुवारी १९६८. 'फॉरवर्ड थ्रस्ट' नावाने किंग काउंटीत एकाच दिवशी बाँडची अख्खी माळ मतदानाला. पास व्हायला साठ टक्के हवे. पार्कांचा ११८ मिलियनचा पास झाला. स्टेडियम पास झालं. आणि लोकल रेल्वेचा ३८५ मिलियनचा? ५०.८ टक्के मतं पडूनही आपटला. केंद्राचा जो मोठा वाटा आम्हाला मिळणार होता तो पुढे अटलांटाच्या मेट्रोकडे गेला. त्यानंतर चाळीस वर्षं आम्ही हायवेवर ब्रेक दाबत बसलो. पार्कांच्या पैशातून हायवेच्या डोक्यावर फ्रीवे पार्क झालं, १९७६ ला. म्हणजे खाली गाड्या तुंबलेल्या आणि वर कारंजं.

देखभालीबद्दल कडबोळं यांनी म्हटलं ते इथे शब्दशः घडलं. दर काही वर्षांनी नवी पार्कं, नवी लेव्ही (ठरावीक मुदतीचा कर), आणि जुन्या इमारतींची छपरं गळतायत. दुरुस्तीचा अनुशेष अडीचशे मिलियनच्या पुढे गेला, तेव्हा २०१४ ला लोकांनी मतदान करून वेगळी पार्क डिस्ट्रिक्टच काढली, जिचा कर दर वेळी मतदान न घेता चालू राहतो. काही लोकांना ते अजून पटलेलं नाही. मलाही अर्धंच पटलंय: छप्पर गळायचं थांबलं, पण माझं मत विचारायचंही थांबलं.

पेठकर | रविवार, रात्री ८.५० (पुणे)

तुमचं वाचून हेवा आणि हसू दोन्ही येतं. आमच्याकडे बाग हा मतांचा विषयच नाही, आरक्षणाचा आहे. विकास आराखड्यात तुमच्या गल्लीतल्या प्लॉटवर हिरवा रंग पडला तर बाग. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत पालिकेने तो ताब्यात घेतला नाही की मालक नोटीस देतो, आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण गेलं. हिरवा रंग नकाशावर, जागेवर टॉवर.

रोखे आम्हीही काढले. जून २०१७, पुणे महापालिका, चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटी, व्याज ७.५९ टक्के, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून. आणि २०२५ ला पिंपरी-चिंचवडने २०० कोटींचे हरित रोखे काढले, त्यात चालण्या-सायकलींचे हिरवे रस्ते आहेत. पण या कर्जाला मत कोणी दिलं? सभागृहाने, नाहीतर प्रशासकाने. मार्च २०२२ नंतर तर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते. करदात्याला पेपर वाचून कळतं की आपण कर्जदार झालो.

एक मात्र आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी बजेटमध्ये कामं सुचवायची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा. मी एकदा आमच्या बागेत ज्येष्ठांसाठी कठडा मागितला होता. झाला. दीड वर्षाने, बागेच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पायऱ्या नाहीत.

फाटकीछत्री | रविवार, रात्री ९.३०

पेठकर, कठडा तरी स्वस्तात झाला असेल. सॅन फ्रान्सिस्कोत नोई व्हॅलीच्या चौकात एका संडासाला १.७ मिलियन डॉलर लागणार होते. एक सीट! २०२२ ला बोभाटा झाला, जगभर हसं झालं, मग एका कंपनीने तयार संडास देणगी दिला आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तो फार कमी खर्चात उघडला. म्हणजे होत होतं की कमीत. हे लोक आपले दीडशे डॉलर असे उडवणार.

कडबोळं | रविवार, रात्री १०.१५

तो पैसा बाँडचा नव्हता, राज्याच्या बजेटातला होता, पण मुद्दा मान्य. नुसता संडास नसतो तो. जमिनीखालची गटारजोडणी, वीज, व्हीलचेअरचा उतार, तीन-चार समित्यांची परवानगी, सरकारी मजुरीचे दर. यातलं उतार आणि मजुरी मला हवीच आहे. समित्यांवर मात्र कात्री लावता येते, आणि ते काम मतदानाआधी होतं. बाँडमध्ये खर्चावर देखरेख करणारी नागरिकांची समिती लिहिली आहे का, तिला हिशेब दरवर्षी मिळणार का, हे विचारा. मेझरचा प्रश्न मतपत्रिकेवर ७५ शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे तिथे सगळी गोड वाक्यं असतात. खरा माल मागच्या पानांवर: करदराचं निवेदन, सिटी अ‍ॅटर्नीचं विश्लेषण, बाजू आणि विरोध. टपालाने येणारं ते पुस्तक बहुतेक लोक पिझ्झाच्या कूपनांबरोबर रद्दीत टाकतात.

रांगेतला | सोमवार, सकाळी ८.२०

एच-वन-बीवर आहे, ग्रीनकार्डच्या रांगेत. नंबर यायच्या आधी घसरगुंडी मोडीत निघेल. घर आहे, कर भरतो, मत नाही. मग हा धागा आमच्यासाठी नुसता प्रेक्षकांचा?

ईस्टबेकर | सोमवार, सकाळी ८.४०

नाही रे बाबा. ठिपक्यांना कोणी पासपोर्ट विचारला नाही. शनिवारी टिकली लावायला मतदार असायची अट नव्हती. आणि कौन्सिलच्या बैठकीत बोलायचा हक्क ब्राउन अ‍ॅक्टने, म्हणजे राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्याने, कोणालाही दिलाय. माइकसमोर दोन-तीन मिनिटं मिळतात.

मला आता असं वाटायला लागलंय की नोव्हेंबरातल्या मतापेक्षा त्या लायब्ररीतल्या खोलीत जास्त ठरतं. मतपत्रिकेवर 'हो' किंवा 'नाही' एवढंच. कुठलं पार्क, काय आधी, किती वर्षांचं कर्ज, हे ठिपके लावणाऱ्यांनी ठरवलेलं असतं.

कडबोळं | सोमवार, दुपारी १.००

अगदी. याला पुरावा लॉस एंजेलिस काउंटीचा. २०१४ ला त्यांनी मेझर पी आणला, प्रत्येक घरामागे वर्षाला २३ डॉलर. बासष्ट टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, आणि तरी पडला, कारण दोन तृतीयांश! मग ते गप्प बसले नाहीत. काउंटीचे १८८ भाग पाडून प्रत्येक भागात काय कमी आहे, काय मोडलंय, लोकांना आधी काय हवं याची पाहणी केली. मे २०१६ ला ती पूर्ण, आणि त्याच नोव्हेंबरात मेझर ए. बांधकामाच्या दर चौरस फुटाला दीड सेंट. सुमारे ७५ टक्के मतं. ईस्टबेकर, तुमच्या दीडशे विरुद्ध तीसच्या तक्रारीलाही यात उत्तर आहे: तुमच्या आणि आजोबांच्या घराचं क्षेत्रफळ सारखं, तर कर सारखा. आणि हा बाँड नसून पार्सल टॅक्स (घराच्या किमतीवर नसलेला, प्रत्येक मालमत्तेवरचा कर) असल्यामुळे देखभालीलाही चालतो.

तुमच्याकडच्याच पार्क डिस्ट्रिक्टचा मेझर एफएफही बघा, २०१८ चा. ओकलंड, बर्कली, रिचमंड पट्ट्यात घरामागे वर्षाला १२ डॉलर, वीस वर्षं. जुन्या मेझर सीसीचाच पुढचा भाग. झाडोरा काढून वणव्याचा धोका कमी करणं, पार्कं चालू ठेवणं, असली बिनचित्राची कामं त्यातून होतात.

एक अवांतर, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. सिटीला माहिती देता येते, प्रचार करता येत नाही. हा नियम ज्या खटल्याने पक्का झाला तो पार्क-बाँडचाच. विल्यम पेन मॉट हे आधी ईस्ट बे पार्क डिस्ट्रिक्टचे प्रमुख, नंतर राज्याच्या पार्क खात्याचे संचालक. १९७४ च्या पार्क-बाँडच्या वेळी खात्याचे पाच हजार डॉलर प्रचाराला वापरले, म्हणून एका करदात्याने त्यांच्यावर दावा लावला. १९७६ ला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, करदात्याच्या पैशाने करदात्यालाच पटवायचं नाही. मॉट पुढे अख्ख्या देशाच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचे संचालक झाले. तेव्हा तुमच्या घरी चकचकीत पत्रक आलं तर खाली बघा, कोणाच्या पैशाने छापलंय.

सध्याअमेरिकेत | सोमवार, सायंकाळी ६.२५

नमस्कार मंडळी. मी मतदार नाही, करदाता नाही, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ३१ वर्षे काढली. सूनबाईंनी हा धागा दाखवला म्हणून लिहितो. (ईस्टबेकरांच्याच गावात राहतो असे दिसते, लायब्ररी तीच.)

या गावातल्या पार्कात रोज सकाळी आणि सायंकाळी जाणारे कोण, तर आम्ही. भारतातून आलेले आईबाप, चिनी आजी-आजोबा आणि नातवंडांच्या ढकलगाड्या. आम्हाला कोर्ट नको, काही नको. माझी पाहणी अशी. तळ्याकडच्या बाजूला सात बाक आहेत, त्यातल्या एकावर सायंकाळी चार वाजता सावली असते आणि तो चिनी मंडळींनी धरलेला असतो. उरलेले सहा दुपारभर तापून असे होतात की त्यावर पापड भाजावा. पाण्याचा नळ दाबला की पाणी येते पण खालची जाळी तुंबलेली, त्यामुळे तिथे कायम चिखल आणि त्यावर हिरवे शेवाळ. फुटपाथचा उतार उलटा दिला आहे, पाणी गवतात जायच्या ऐवजी वाटेवर येते. ही चूक आमच्याकडचा मुकादमसुद्धा करणार नाही. आणि संडास. संडास उत्तम आहे, फरशी चांगली, पण सायंकाळी पाच वाजता कुलूप. उन्हाळ्यात येथे साडेआठपर्यंत उजेड असतो. साठीच्या पुढच्या माणसाने साडेतीन तास काय करावे?

तेव्हा नवीन संडास बांधण्याआधी मी विचारीन की आहे त्याची किल्ली कोणाकडे आहे. आमच्याकडे नवीन कामाला निविदा निघते, भूमिपूजनाला आमदार येतात, पाटी लागते. देखभाल-दुरुस्तीचे हेड वेगळे, आणि मार्च महिन्यात ते पहिले कापले जाते. येथे वेगळे असेल असे वाटले होते.

तिन्हीसांज | सोमवार, सायंकाळी ६.४०

काका, पापड! आईला वाचून दाखवलं, ती म्हणते अगदी अस्संच.

रांगेतला | सोमवार, रात्री ९.००

काका, पुढच्या बैठकीला मी तुम्हाला घ्यायला येतो. मला मत नाही, तुम्हालाही नाही. जोडी जमेल.

ईस्टबेकर | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी २.१५

वृत्तांत देतो, धागा थोडा वर येईल.

आज दुसरी बैठक. व्हॉट्सअ‍ॅपच्या साठांपैकी अकरा आले. त्यात रांगेतला, काका, आणि तिन्हीसांज आईसह. यावेळी क्रिकेटला स्वतःचा बोर्ड होता, चित्रात मात्र बेसबॉलची टोपी घातलेला मुलगा. सल्लागारांनी आराखड्यात खेळपट्टी मैदानाच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवली होती, कुंपणाला चिकटून. त्या मुलीला वाटलं होतं बावीस यार्ड म्हणजे संपलं. रांगेतल्याने मोजपट्टी मागून घेतली आणि नकाशावर दाखवलं: खेळपट्टी मधोमध, चहूकडे निदान ६५ यार्ड सीमारेषा, म्हणजे पावणेतीन एकरांचं वर्तुळ. ती दोन मिनिटं नकाशाकडे बघत राहिली. मग तिनेच सुचवलं की बेसबॉलच्या दोन मैदानांच्या मागच्या बाजू जिथे मिळतात तिथे खेळपट्टी बसेल, हंगाम आलटून-पालटून. 'अभ्यास करू' असं लिहून घेतलंय. पदरात एवढंच.

पिकलबॉलवाल्यांशी मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांचा म्होरक्या निवृत्त पोस्टमन निघाला, सत्तरीचा. त्यालाही पाच वाजताच्या कुलपाचाच त्रास! सावली आणि संडास या दोन बोर्डांवर त्यांचे आणि आपले ठिपके मिळून इतके झाले की खालचं चित्र दिसेना.

देखभालीचा प्रश्न मी विचारला. सिटीच्या बाईंनी सरळ सांगितलं की बाँडमधून नाही, आणि वेगळा पार्सल टॅक्स आणायचा तर त्यालाही दोन तृतीयांश. एकाच मतपत्रिकेवर दोन मागण्या आणल्या तर दोन्ही पडतील अशी त्यांना धास्ती आहे. कर्ज किती वर्षांचं, याला उत्तर: घसरगुंडी आणि खेळणी वीस वर्षांच्या हप्त्यात, जमीन आणि इमारती तीस, असं विभागता येतं का ते बघतील. हे कडबोळं ताईंचं श्रेय.

छत्री, मी अजून ठरवलेलं नाही. आजोबांना मात्र विचारलं, तुम्ही काय करणार? म्हणाले, मी १९८८ पासून पार्काच्या प्रत्येक मेझरला 'हो' म्हटलंय, तू ज्या टेकडीवर रविवारी फिरायला जातोस तिचे पैसे मी भरलेत. आणि पिशवीभर लिंबं दिली. आता पाचपटीची तक्रार कुठल्या तोंडाने करू?

फाटकीछत्री | शनिवार, दुपारी २.५०

लिंबांवर मत विकलंस. माझं अजून 'नो'च. पण वीस वर्षांच्या हप्त्याचं लेखी दिलं तर कळव.

सध्याअमेरिकेत | शनिवार, सायंकाळी ५.१०

ईस्टबेकर, मला दुसऱ्या टेबलावर चिनी मंडळींनी बाकांच्या नकाशासाठी बसवून ठेवले होते, त्यामुळे शेवट ऐकला नाही. किल्लीचे काय झाले?

ईस्टबेकर | शनिवार, सायंकाळी ५.३०

काका, कुलूप लावणाऱ्या कंत्राटी माणसाची पाळी पाचला संपते म्हणून पाचला कुलूप. पाळी बदलायला कंत्राट बदलावं लागतं, ते पार्क कमिशनसमोर येणार आहे, १२ तारखेला. तुमचं विमान कधी?

सध्याअमेरिकेत | शनिवार, सायंकाळी ५.३५

१४ ला. येतो.